पॅनेलमधलं एवढंसं कार्ड: कारखान्याची नोंद कुठे राहते आणि कशी हरवते

नवी मुंबईत रबाळ्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीची एक बॅच वाया गेली. रिअॅक्टरचं, म्हणजे रसायनं जिथे एकत्र तापतात त्या भांड्याचं, तापमान वेळेत खाली आलं नाही, माल काळपट पडला. सकाळी चौकशी बसली. रात्रीचे ऑपरेटर पन्नाशी ओलांडलेले, सगळे त्यांना मामा म्हणतात. ते एवढंच म्हणाले, "साहेब, थंड पाण्याचा व्हॉल्व्ह मी वेळेवर सोडला होता. तुमच्या त्या डब्यात लिहिलेलं असेल, बघा."

डबा म्हणजे पॅनेलच्या, म्हणजे यंत्राच्या वायरिंगच्या कपाटाच्या, दारावरचा टचस्क्रीन. त्याच्या पाठीमागे बोटाच्या पेराएवढं मेमरी कार्ड असतं आणि त्यात दर दहा सेकंदांनी तापमान, दाब, व्हॉल्व्हची स्थिती लिहिली जाते. मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. शेवटची फाइल अकरा दिवस जुनी निघाली. त्यानंतर काहीच नव्हतं. कार्ड दोन जीबीचं, भरलेलं पन्नासेक एमबी. मामांची बाजू सांगणारा एकमेव साक्षीदार अकरा दिवसांपासून मुका होता आणि ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"कार्डच खराब आहे," असं मेंटेनन्सवाल्यांचं मत पडलं. वर्षभरातलं ते तिसरं कार्ड होतं. पण ते खराब नव्हतं. त्या कार्डावर मी पुढे येतोच, आधी या गोष्टी नेमक्या काय असतात ते बघू.

कारखान्याचं यंत्र चालवतो तो पॅनेलमधला छोटा संगणक म्हणजे पीएलसी. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनसारखा तो असतो: कोण आलं, कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं, हे तो क्षणोक्षणी ठरवतो. मात्र त्याच्या डोक्यात मावतं फार थोडं. पीएलसीची कामाची मेमरी काही किलोबाइटपासून काही मेगाबाइटपर्यंत असते. मागच्या मंगळवारी दुपारी कोण आलं होतं, हे विचारायचं तर रजिस्टर लागतं. बाहेरची साठवण म्हणजे हे रजिस्टर. ते मेमरी कार्ड असेल, पेनड्राइव्ह असेल, यूएसबीची डिस्क असेल किंवा कंट्रोल रूममधली नॅस पेटी, म्हणजे नेटवर्कवरची डिस्कपेटी असेल. ऑपरेटर जिथून बघतो आणि बटणं दाबतो तो स्क्रीन म्हणजे एचएमआय, आणि सगळ्या प्लांटचं चित्र एका संगणकावर दाखवतो तो स्काडा.

या साठवणीत तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे प्रोग्राम, यंत्राने कसं वागायचं ते. दुसरी रेसिपी, कुठल्या मालाला किती तापमान, किती वेळ. तिसरी नोंद, प्रत्यक्षात काय झालं ती. दिसायला कार्ड तेच, सारखंच निळं नाहीतर काळं. पण नोंदीचं कार्ड काढलं तर नोंद थांबते, आणि प्रोग्रामचं कार्ड काढलं तर कारखाना थांबू शकतो. म्हणून पॅनेलचं दार उघडल्यावर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या कार्डात काय आहे? तीनदा विचारूनही उत्तर मिळालं नाही, तर मी हात लावत नाही.

सीमेन्सचं उदाहरण घ्या, कारण आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे पीएलसी बरेच दिसतात. एस७-१५०० मालिकेचा पीएलसी कार्डाशिवाय चालतच नाही, त्याचा प्रोग्राम कार्डावरच साठवलेला असतो. चालू असताना कार्ड ओढलं की तो स्टॉपमध्ये जातो. धाकट्या एस७-१२०० ला कार्ड नसलं तरी चालतं. पण चालू पीएलसीत नुसतं कार्ड घातलं, तरी तो स्टॉपमध्ये जातो. म्हणजे 'बॅकअप घेऊन ठेवू' या भल्या हेतूने कोणी चालू प्लांटमध्ये कार्ड सरकवलं, तर पंप, अॅजिटेटर (ढवळणारं यंत्र) सगळं थांबलंच म्हणून समजा. असली कामं शटडाऊनमध्ये, परवाना काढून, शिफ्ट इनचार्ज समोर उभा असताना करायची.

सीमेन्सच्याच कार्डाबद्दल आणखी एक. हे कार्ड लॅपटॉपला लावून विंडोजमधून कधीही फॉरमॅट करायचं नाही. त्यावर काही खास लपलेल्या फाइली असतात. त्या पुसल्या की कार्ड पीएलसीच्या कामाचं राहत नाही, आणि तसं कार्ड बाजारातल्या साध्या कार्डाच्या भावात मिळत नाही. विंडोज बऱ्याचदा आपणहून विचारतं, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?' घाईत 'हो' दाबलं जातं. कुठल्याही कंपनीचं कार्ड असो, ती खिडकी आली की 'नको' म्हणा, कार्ड बाहेर काढा आणि मग शांतपणे विचार करा.

बाजारातलं कार्ड का टिकत नाही

लोक मला विचारतात की मोबाइलच्या दुकानात ६४ जीबीचं कार्ड काहीशे रुपयांत मिळतं, मग हे दोन जीबीचं औद्योगिक कार्ड इतकं महाग का? उत्तर या कार्डांमध्ये असते त्या फ्लॅश मेमरीच्या स्वभावात आहे.

फ्लॅश मेमरी शाळेच्या पाटीसारखी, फक्त एका अटीची: एक अक्षर बदलायचं असेल तरी पाटीचा मोठा तुकडा एकदम पुसून परत लिहावा लागतो. आणि प्रत्येक पुसण्याने पाटी थोडी झिजते. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी एसएलसी जातीची मेमरी साधारण एक लाख वेळा पुसणं सोसते. स्वस्त कार्डांत एका कप्प्यात तीन बिट कोंबलेले असतात. ती टीएलसी, आणि तिची ताकद हजार ते तीन हजार वेळांच्या आसपास. फोटो काढायला ती पुष्कळ झाली, कारण फोटो एकदा लिहिला की राहतो. पण पॅनेलमध्ये दर सेकंदाला एक नोंद होत असेल, तर दिवसाला ८६,४०० वेळा लिहिणं होतं. त्यातही दर वेळी फाइलींची यादी, म्हणजे कार्डाच्या त्याच त्याच जागा, बदलत राहतात. कार्डाच्या आतला कंट्रोलर ही झीज इकडे तिकडे पसरवतो, म्हणून कार्ड आठवड्याभरात मरत नाही. पण स्वस्त कार्डात ते कितपत नीट होतं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं.

यावर पहिला उपाय महाग कार्ड हा नाहीच. सेटिंगमध्ये बघा. बहुतेक एचएमआयमध्ये नोंदी आधी आतल्या मेमरीत गोळा करून मिनिटाला एकदा कार्डावर उतरवायची सोय असते. ८६,४०० चे १,४४० झाले. एवढ्या एका बदलाने कार्डाचं आयुष्य कित्येक पटींनी वाढतं. तोटा एकच: वीज अचानक गेली तर शेवटच्या मिनिटाची नोंद जाते. ज्या रिअॅक्टरमध्ये एका मिनिटात अनर्थ होऊ शकतो, तिथे ही तडजोड करायची नाही, तिथे खरोखर एसएलसीचं कार्ड आणि डीसी यूपीएस लावायचा. बाकी ठिकाणी मिनिट पुरतं.

दुसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात तुर्भ्याच्या एका शेडमध्ये पत्र्याखालच्या पॅनेलमध्ये मी थर्मामीटर ठेवला होता. दुपारी तीनला आत ५४ अंश होते, पंखा चालू असूनही. औद्योगिक कार्डं उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात, त्यामुळे ५४ अंशांनी ती लगेच मरत नाहीत. पण फ्लॅशमध्ये लिहिलेलं किती काळ टिकेल, हे तापमान वाढेल तसं कमी होत जातं. म्हणून प्रोग्रामचं सुटं बॅकअप कार्ड पॅनेलच्या आतच दारावर चिकटवून ठेवायची पद्धत मला अजिबात पटत नाही. ते ऑफिसच्या कपाटात ठेवा. पॅनेल जळालं तर दोन्ही एकदम जायला नकोत, हे तर आहेच.

रबाळ्याचं कार्ड

आता त्या तिसऱ्या कार्डाकडे. पॅनेल रूममध्ये भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं. तिथला इलेक्ट्रिशियन मुलगा शिस्तीचा. काही बदललं की त्या तारखेच्या चौकटीत पेनाने लिहून ठेवायचा. 'कार्ड बदलले' असं दोन ठिकाणी सापडलं. स्क्रीनवर चूक दिसली की तो त्याच दिवशी नवं कार्ड घालायचा. दोन तारखांमधलं अंतर मी मोजलं: सत्तावन्न दिवस. तिसरं कार्डही घातल्यापासून सत्तावन्नाव्या दिवशीच थांबलं होतं. फक्त त्या वेळी तो गावी गेला होता आणि स्क्रीनवरचा संदेश कोणीतरी बटण दाबून घालवला होता.

खराब कार्ड असं दिवस मोजून खराब होत नाही. काहीतरी भरत होतं. मग भरत काय होतं?

एचएमआय जुना. तो फॅट१६ नावाच्या जुन्या पद्धतीनेच कार्ड वाचणारा. या पद्धतीत कार्डाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, नावं लिहायला साधारण ५१२ ओळीच असतात. वहीची अनुक्रमणिका समजा. आत पानं कितीही कोरी असली, तरी अनुक्रमणिकेतल्या ओळी संपल्या की नवा धडा घालता येत नाही. आठ अक्षरांचं नाव आणि तीन अक्षरांचं शेपूट असेल तर एका फाइलीला एक ओळ पुरते. नाव त्याहून लांब असेल तर दर तेरा अक्षरांमागे एक जादा ओळ. इथे फाइलीच्या नावात बॅच, पूर्ण तारीख आणि पाळी, अशी बावीस अक्षरं होती. म्हणजे दोन जादा ओळी आणि मूळची एक, मिळून तीन. ५१२ भागिले तीन, १७०. दिवसाच्या तीन पाळ्या, दर पाळीला एक फाइल. १७० भागिले तीन, छप्पन्न दिवस आणि वर दोन पाळ्या.

सत्तावन्नाव्या दिवशी कार्ड 'भरत' होतं, आत ९७ टक्के जागा रिकामी असताना.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. फाइली थेट वर न लिहिता महिन्याच्या फोल्डरमध्ये लिहायच्या, कारण फोल्डरच्या आत ती ५१२ ची मर्यादा नसते. नाव आठ अक्षरांत बसवलं. आणि 'कार्डावर लिहिता येत नाही' हा संदेश नुसता स्क्रीनवर न ठेवता बाहेरच्या दिव्याला जोडला, म्हणजे पिवळा दिवा लागला की लांबूनही दिसतो.

अशाच मापाच्या इतर भिंतीही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. फॅट३२ मध्ये एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही, म्हणून सहा महिने एकाच फाइलीत लिहिणारी नोंद एक दिवस तिथेच अडते. एसडी कार्ड दोन जीबीपर्यंत एका जातीचं, बत्तीस जीबीपर्यंत दुसऱ्या, त्यापुढे तिसऱ्या जातीचं. दिसायला सगळी सारखी. जुन्या यंत्रात ६४ जीबीचं कार्ड घातलं तर ते 'कार्ड नाही' म्हणतं, आणि आपण उगाच स्लॉटला दोष देतो. तसंच विंडोज एक्सपीवरच्या स्काडाला दोन टीबीच्या वरची डिस्क लावायच्या भानगडीत पडू नये.

बसवताना

साठवणीचं उपकरण बसवणं हे पॅनेलच्या वायरिंगचंच काम आहे, संगणकाचं नाही. हे मी ठासून सांगतो, कारण बिघाडांची मुळं इथेच असतात.

आधी पुरवठा. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागते. मग ती आतून 'टक्, टक्' असा आवाज करते, थांबते, परत टक् करते. लोक म्हणतात डिस्क गेली. डिस्क उपाशी असते. मुळात कॉम्प्रेसर किंवा सेंट्रिफ्यूजच्या शेजारच्या पॅनेलमध्ये फिरती डिस्क ठेवूच नये, हादऱ्याने ती जायचीच. तिथे एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी डिस्क हवी, पॅनेलच्या पट्टीवर स्क्रूने घट्ट बसणारी. केबलने लोंबणारी डिस्क हे बसवणं नव्हे.

केबल. यूएसबी २.० ची केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. पंपांच्या ड्राइव्हमधून (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या पेटीतून) मोटरकडे जाणाऱ्या केबलींपासून ती लांब ठेवा, एकाच ट्रेमध्ये बांधू नका. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. महाप्यात एका ठिकाणी पेनड्राइव्ह दर थोड्या वेळाने 'निघून' जायचा आणि परत यायचा. वेळा लिहून काढल्या, तर ब्लोअरचा ड्राइव्ह वेग धरायचा बरोबर तेव्हाच. दारावरच्या यूएसबी पोर्टची लांब केबल त्या ड्राइव्हच्या पोटाला चिकटून गेली होती. केबल दुसऱ्या बाजूने नेली, केबलच्या शील्डला, म्हणजे धातूच्या वेष्टनाला, नीट अर्थिंग दिलं, तक्रार संपली.

कार्डाच्या कडेला एक बारीक सरकपट्टी असते, ती खाली असली की कार्ड फक्त वाचता येतं. अरुंद स्लॉटमध्ये घालताना ती घासून खाली येते. 'लिहिता येत नाही' अशी तक्रार आली की सगळ्यात आधी मी तिच्याकडे बघतो.

आणि आपली हवा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला रसायनांचे कारखाने. खारट दमट हवा आणि त्यात आम्लाचा वास असला की कार्डाच्या पिवळ्या पट्ट्यांवर थर धरतो. जूनमध्ये एसी असलेल्या कंट्रोल रूममधलं थंड कार्ड तसंच प्लांटमधल्या पॅनेलमध्ये घातलं की त्यावर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसं. दहा-पंधरा मिनिटं पाकिटातच राहू द्या, मग घाला. पट्ट्या स्वच्छ करायला खोडरबर वापरायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. नका करू. पट्टीवर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो, रबराने तो निघतो, आणि मग गंज आणखी लवकर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा कपडा, एवढं पुरतं.

वीज येते तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. एका प्लांटमध्ये पॅनेलच्या यूपीएसची बॅटरी फुगून मेलेली होती आणि ते कोणाला माहीत नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिथला पीएलसी पूर्ण बंद पडला.

वीज आल्यावर सगळं सुरू झालं. हिरवे दिवे लागले. सुटकेचा श्वास टाकला सगळ्यांनी. अर्ध्या तासाने अॅजिटेटर काही कारणाने थांबला, आणि डोसिंग पंप मात्र चालूच राहिला. ढवळणं बंद आणि आत रसायन पडतंय. एका फिटरच्या ते लक्षात आलं, त्याने धावत जाऊन इमर्जन्सी बटण दाबलं.

अॅजिटेटर थांबला की पंप थांबावा, ही साखळी प्रोग्राममध्ये दीड वर्षापूर्वी घातलेली होती. मी ती स्वतः तपासली होती. मग गेली कुठे? पीएलसीत प्रोग्राम ठेवायचं एक कार्ड होतं, पॅनेल उभं केलं तेव्हाचं. अनेक पीएलसींत असं ठरवता येतं की कार्डातला प्रोग्राम कधी उचलायचा: दर वेळी वीज आल्यावर, फक्त मेमरी बिघडल्यावर, किंवा आपण सांगू तेव्हाच. इथे 'दर वेळी वीज आल्यावर' असं ठेवलेलं होतं. नंतरचे सगळे बदल पीएलसीच्या मेमरीत केले गेले, कार्डावर कोणीच उतरवले नाहीत. वीज आली, पीएलसीने आज्ञाधारकपणे दोन वर्षांपूर्वीचा प्रोग्राम उचलला, आणि नवी सुरक्षा पुसली गेली.

ते बदल करणाऱ्यांत मीही होतो. कार्ड आहे हे मला माहीत होतं. त्याची सेटिंग बघितली नव्हती. त्या दिवसापासून प्रोग्राममध्ये एक टायमर जरी बदलला, तरी कार्डावरची प्रत त्याच बसण्यात ताजी करतो आणि शटडाऊनमध्ये एकदा वीज बंद-चालू करून बघतो की उठून काय उभं राहतं. बॅकअप आहे का, असं विचारलं तर सगळे 'आहे' म्हणतात. तो परत घालून बघितला का, असं विचारायला हवं.

अचानक वीज जाण्याचा आणखी एक तोटा. फॅट पद्धतीत लिहिता लिहिता वीज गेली तर यादी अर्धवट राहते, आणि कधी कधी चांगल्या फाइलीही सापडेनाशा होतात. अशा वेळी त्या कार्डावर पुढचं काहीही लिहायचं नाही. आधी त्याची जशीच्या तशी संपूर्ण प्रत घ्यायची आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करायचे.

घड्याळ

नोंद आहे पण वेळ चुकीची, तर ती नोंद असून नसल्यासारखी. दोन चुका नेहमीच्या. एचएमआयची आतली बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ मूळपदावर जातं आणि फाइलींवर १ जानेवारी १९८० किंवा २००० अशा तारखा येतात. त्यात फाइलीचं नाव तारखेवरून पडत असेल, तर नवी फाइल जुनीवर लिहिली जाऊ शकते. दुसरी चूक साडेपाच तासांची. यंत्र जागतिक वेळेवर असतं, आपण भारतीय वेळेवर. १५ तारखेच्या पहाटे दोनची घटना फाइलीत १४ तारखेच्या रात्री साडेआठला दिसते. वेगळी पाळी, वेगळा ऑपरेटर! दोष कोणाच्या माथी जाईल याचा विचार करा. उपाय सोपा: प्लांटमध्ये एकच वेळ-सर्व्हर ठेवायचा आणि सगळे पीएलसी, एचएमआय, संगणक त्याच्याशी जुळवायचे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशातही संगणक यंत्रणांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय, आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायला.

नोंदीची किंमत आता कागदावरही वाढली आहे. अति प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सांडपाणी आणि धुराची ऑनलाइन मोजणी बसवायला सांगितली. अमेरिकेला औषधं पाठवणाऱ्यांना तिथल्या औषध नियंत्रकाचा १९९७ सालचा इलेक्ट्रॉनिक नोंदींचा नियम लागू आहे. नोंदीत मोकळी जागा दिसली की तपासणीस तिथेच बोट ठेवतो.

नेटवर्कवरची पेटी

मोठ्या प्लांटमध्ये नोंदी नॅसवर जातात. तिच्यात दोन डिस्क आरशासारख्या ठेवता येतात, एक मेली तरी दुसरी चालते. पण आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी फाइल पुसली तर आरशातूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. तिसरी प्रत वेगळ्या जागी हवीच, आणि तळमजल्यावर नको. २६ जुलै आपण विसरलेलो नाही.

नवी नॅस जुन्या स्काडाला दिसत नाही, ही तक्रार वारंवार येते. केबल, आयपी पत्ता सगळं ठीक, पिंगही होतं, म्हणजे हाक मारली की पेटी ओ देते, फोल्डर मात्र उघडत नाही. एक्सपी फाइली मागताना एसएमबीची पहिली, जुनी बोली बोलतो. तिच्यातल्या भोकातूनच मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, म्हणून नवी उपकरणं ती बोली बंद ठेवूनच येतात. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करायचा मोह होतो, आणि काम दोन मिनिटांत होतंही. करू नका. मध्ये एक संगणक ठेवा, जो जुन्या स्काडाकडून फक्त त्या एका तारेने घेईल आणि पुढे नव्या बोलीत देईल.

पिंगच होत नसेल तर पत्ता बघा. १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पेटीला कोणी पत्ताच दिलेला नाही, तिने स्वतःचा बनवून घेतलाय. कधी दिसते, कधी नाही असं असेल, तर तोच पत्ता दुसऱ्या कोणाला दिलेला असण्याची शक्यता मोठी. आणि नेटवर्क तुटलं तरी नोंद थांबू नये म्हणून स्काडात 'आधी स्वतःकडे साठव, जोडणी आली की पुढे पाठव' ही सोय असते. ती चालू आहे का ते केबल प्रत्यक्ष उपटून बघा. दहा मिनिटांनी परत लावा आणि ती दहा मिनिटं पेटीत पोचली का ते पाहा.

पेनड्राइव्हबद्दल थोडक्यात पण कळकळीने. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस पेनड्राइव्हवरून पसरायचा आणि इराणच्या नतान्झ अणुकेंद्रातल्या यंत्रांच्या पीएलसीपर्यंत जाऊन पोचला होता. इंटरनेट नसलेला प्लांट सुरक्षित, हा समज तेव्हाच संपला. प्लांटचा पेनड्राइव्ह वेगळा, रंगाने ओळखू येणारा, आणि दर वेळी एका वेगळ्या संगणकावर तपासून मगच आत. दारावरच्या यूएसबी पोर्टला मोबाइल चार्जिंगला लावलेला मी आजही बघतो. ऑपरेटरला रागावून उपयोग नाही. त्याला बाजूला चार्जिंगचा साधा सॉकेट द्या आणि पोर्टला कुलूप लावा.

रबाळ्याला मी मध्ये परत गेलो होतो. त्या बॅचचं खरं कारण सापडलं नाही, सापडणारही नाही. मामांना दिलेली ताकीद त्यांच्या फाइलीत तशीच आहे. पाळी घेताना त्यांनी स्क्रीनवर फाइलींचं पान उघडलं, चालू पाळीच्या फाइलीवर बोट ठेवलं आणि दहा-दहा सेकंदांनी तिचा आकार वाढतो का ते दोनदा बघितलं. मग वहीत वेळ लिहिली, सही केली आणि आदल्या पाळीच्या पोराला म्हणाले, "चल, आता तू सुटलास."